वाचकांचे प्रश्न : लेक युरोपात शिकायला जाते तेव्हा

परदेशातील शिक्षणाविषयी या सदराकडे येणारी पत्रे बहुधा महाराष्ट्रातून येतात. या वेळी मात्र एकाच विषयावरची पाच पत्रे अमेरिकेतील मराठी घरांतून आली आहेत. तिथेच वाढलेली मुले पदवीच्या मधल्या वर्षी एखाद्या सत्रासाठी युरोपात जातात आणि त्यांचे तिथले रोजचे जगणे आईवडिलांना दुरून नीटसे उमगत नाही. पाचही पत्रांत जर्मनीचा उल्लेख आहे. मी स्वतः फ्रायबुर्ग येथे नऊ वर्षे राहिले आणि त्या काळात परदेशी विद्यार्थ्यांच्या घर शोधण्यापासून परीक्षेपर्यंतच्या अडचणी जवळून पाहिल्या, म्हणून उत्तरे त्या देशाला धरूनच देत आहे.

प्रश्न : आमची मुलगी न्यू जर्सीत जन्मली आणि वाढली. पर्यावरणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षातील एक सत्र पूर्ण करण्यासाठी ती मार्चमध्ये फ्रायबुर्गला गेली. चार जर्मन विद्यार्थ्यांबरोबरच्या घरात तिला एक खोली मिळाली आहे. दर रविवारी तिच्या रात्री तिचा फोन येतो आणि ती रडते. घरातले कोणी फारसे बोलत नाही, सगळ्यांची दारे बंद असतात, स्वयंपाकघरात तिच्या नावाने चिठ्ठ्या लावलेल्या असतात. चुकीच्या डब्यात कचरा टाकला म्हणून शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी तिला जिन्यात थांबवून सुनावले. अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या राखलेल्या निवासात तिला जागा मिळू शकते. तिला तिकडे जायला सांगावे, की सरळ परत बोलवावे? — एक आई, एडिसन

उत्तर : फोन रविवारी येतो, हे तुम्ही लिहिलेत आणि माझ्या दृष्टीने पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. रविवारच्या विश्रांतीला १९१९च्या वायमार राज्यघटनेने संरक्षण दिले आणि ते कलम आजच्या राज्यघटनेतही जसेच्या तसे सामावून घेतलेले आहे. शनिवारी घरातले दूध संपले तर रेल्वे स्थानकातले दुकान, पेट्रोल पंप किंवा सकाळचे काही तास उघडी राहणारी बेकरी एवढाच आधार उरतो. त्या दिवशी भिंतीत खिळा ठोकायचा नाही आणि रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या मोठ्या पिंपांत काचेच्या बाटल्याही टाकायच्या नाहीत, कारण त्यांचा आवाज शेजाऱ्यांच्या विश्रांतीत येतो. खरेदी, मराठी शाळा आणि मंडळाचे कार्यक्रम यांनी गजबजलेल्या रविवारांत जी मुलगी वाढली, तिला ही शांतता अंगावर येणारच. सहा तासांच्या फरकामुळे तिच्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा तुमच्याकडे दुपारचे चार असतात. अख्खा मूक दिवस तिने एकटीने काढलेला असतो आणि त्याच्या शेवटी तिला आईचा आवाज ऐकू येतो. त्या क्षणीचे रडणे खरे असते, पण त्यावरून तिच्या साऱ्या आठवड्याचा अंदाज बांधू नका. बुधवारी दुपारी वर्ग सुटल्यावर एकदा फोन करून पाहा.

बंद दारांविषयी तिला एवढेच सांगा की त्यामागे राग नसतो. अमेरिकेतील वसतिगृहात उघडे दार म्हणजे ‘या, बसा’ असे असते आणि बंद दाराचा अर्थ लोक दुरावा असा लावतात. जर्मन घरांत दार लोटून घेणे ही निव्वळ सवय आहे; टकटक करून आत गेले तर बहुतेक वेळा स्वागतच होते. कसे काय चालले आहे, हा प्रश्न तिथे येता-जाता कोणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्याला उत्तराची अपेक्षा असते आणि ते ऐकण्यासाठी तो थांबतोही. ओळखीचा माणूस आणि मित्र यांसाठी जर्मन भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, लोक ते तोलूनमापून वापरतात, आणि एकातून दुसऱ्यात जायला अनेक आठवडे लागतात. अमेरिकन मुलांना पहिल्या दिवशी मिळणारी ऊब ओळखीची असते. जर्मनीतली ऊब उशिरा येते, पण पुष्कळदा वर्षानुवर्षे टिकते. माझ्या तिथल्या पहिल्या घरातील दोन मैत्रिणींनी माझ्याशी मोकळेपणाने बोलायला जवळजवळ एक सत्र घेतले, आणि आजही माझ्या आईच्या तब्येतीची चौकशी सर्वांत आधी त्याच करतात.

चिठ्ठ्यांचे मूळ बहुधा साफसफाईच्या वेळापत्रकात असावे. अशा सामायिक घराला तिथे ‘वेगे’ म्हणतात. या आठवड्यात स्नानगृह कोणी धुवायचे आणि कचरा कोणी खाली न्यायचा, हे जवळपास प्रत्येक वेगेत कागदावर ठरलेले असते. चूक झाली तर ती स्पष्ट शब्दांत सांगणे हा तिथे प्रामाणिकपणा समजला जातो आणि सांगून झाले की विषय संपतो. वेष्टने पिवळ्या पिशवीत, भाजीपाल्याची देठे आणि उष्टे वेगळ्या डब्यात, कागद वेगळा, काच रंगानुसार वेगवेगळ्या पिंपांत आणि उरलेले सर्व आणखी एका डब्यात, ही विभागणी सवयीची व्हायला महिना लागतो. प्लॅस्टिकच्या बहुतेक बाटल्या आणि पेयांचे डबे यांवर २५ सेंट अनामत घेतलेली असते. ती दुकानातील यंत्रात बाटली परत केल्यावर मिळते, म्हणून त्या कचऱ्यात जातच नाहीत. जिन्यातल्या त्या गृहस्थांनी तिला परकी म्हणून हटकले असेल असे मी लगेच मानणार नाही. मलाही एकदा असेच थांबवले होते आणि नंतर त्याच शेजाऱ्यांनी मला हिवाळ्यात खिडक्या दिवसातून तीन-चार वेळा पाच मिनिटे सताड कशा उघडायच्या, म्हणजे भिंतींना बुरशी धरत नाही, हे समजावून दिले. मात्र तिच्या वर्णावरून किंवा मूळ देशावरून कोणी काही बोलले असेल तर ती गोष्ट वेगळी आहे. त्याची नोंद तिने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात अवश्य करावी.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तिला अमेरिकन निवासात हलवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या स्वयंपाकघरात तिला आज परके वाटते, तेच या सत्राचे सर्वांत मोलाचे शिक्षण आहे, आणि ते अर्ध्यावर सोडले तर तिच्या मनात या देशाविषयी फक्त रविवार आणि चिठ्ठ्या उरतील. गुरुवारी किंवा शुक्रवारी तिने घरातील एकाच व्यक्तीला रविवारच्या न्याहारीला एकत्र बसण्याविषयी विचारावे. चौघांना एकदम विचारण्याची गरज नाही. दुपारी गावातील लोक करतात तेच तिनेही करावे, म्हणजे चालायला बाहेर पडावे. फ्रायबुर्गच्या पाठीशी ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर आहेत आणि १,२८४ मीटर उंचीच्या शाउइन्सलांडवर १९३०पासून केबलची गाडी जाते. तिचा विषय पर्यावरण आहे, तर व्होबाँ हा भाग तिने पुन्हा पुन्हा पाहावा. १९९२मध्ये फ्रेंच सैन्य निघून गेल्यावर त्याच्या छावणीच्या जागेवर ही वस्ती उभी राहिली आणि तिथल्या बहुतेक गल्ल्यांत गाड्या उभ्याच करता येत नाहीत. दक्षिण जर्मनीच्या रानात गोचिडीमुळे मेंदूज्वराचा एक प्रकार होतो; त्यावरील लसीविषयी तिने डॉक्टरांना जरूर विचारावे.

ती वर्गाला जाणे बंद करत असेल, जेवत नसेल, रात्रंदिवस झोप लागत नसेल किंवा तिच्या बोलण्यात जगण्याचाच कंटाळा येत असेल, तर मात्र वाट पाहू नका. विद्यार्थी कल्याण संस्थेकडे, म्हणजे ‘श्टुडिरेंडनवेर्क’कडे, मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला मिळतो आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. अशा वेळी तिला परत आणण्यात काहीही कमीपणा नाही.

प्रश्न : मुलाला दोन ठिकाणांतून निवड करायची आहे. एक म्हणजे फ्लॉरेन्समधील अमेरिकन केंद्र. तिथे शिक्षक, वर्गमित्र, भाषा सारे अमेरिकन असेल. दुसरे म्हणजे देवाणघेवाण करारातून थेट हायडेलबर्ग विद्यापीठ. गुण आणि क्रेडिट यांची मला अधिक काळजी वाटते. — एक वडील, ह्यूस्टन

उत्तर : तुमच्या मुलाला थोडेसे जरी जर्मन येत असेल तर मी हायडेलबर्ग निवडेन. अमेरिकन केंद्रांविषयी माझ्या मनात अनादर नाही. न्यू यॉर्क विद्यापीठाला हॅरॉल्ड ॲक्टन यांच्याकडून १९९४मध्ये मिळालेली फ्लॉरेन्सची ‘व्हिला ला पिएत्रा’ ही कलेच्या विद्यार्थ्याला स्वर्गच वाटावी अशी जागा आहे आणि ज्यांचा विषयच रेनेसान्स आहे त्यांनी तिथे जरूर जावे. पण मुले एकाच देशातून आलेली असली की आठवडाभर एकमेकांत आणि शनिवार-रविवार स्वस्त विमानांनी नव्या शहरात, असे सत्र संपून जाते. आणि ज्या गावात चार महिने काढले तिथला एक भाजीवालाही त्यांना नावाने ओळखत नाही. ही कल्पना सुरू झाली तेव्हाचा हेतू वेगळा होता. १९२३मध्ये डेलावेअर विद्यापीठातील प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड आठ विद्यार्थ्यांना घेऊन फ्रान्सला गेले, ती अमेरिकेतील या प्रथेची सुरुवात मानली जाते. ती मुले फ्रेंच कुटुंबांत राहिली, आधी नान्सीत भाषा शिकली आणि मग पॅरिसला सॉर्बोनमध्ये गेली.

गुणांबाबत तुमची काळजी योग्य आहे, कारण पद्धत खरोखरच निराळी आहे. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण असतो, ४.०पर्यंत उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे अनुत्तीर्ण. तेव्हा गुणपत्रिकेवर २ पाहून घाबरू नका. दर आठवड्याचा गृहपाठ आणि छोट्या चाचण्या यांऐवजी अनेक विषयांत सत्राच्या शेवटी होणारी एकच परीक्षा किंवा एकच मोठा निबंध सारे ठरवतो. वर्गात हजेरी पुष्कळदा सक्तीची नसते, आठवण करून द्यायला कोणी येत नाही, आणि अमेरिकेत नियमित अभ्यास करणारी मुले नेमकी याच मोकळेपणात गडबडतात. त्याने पहिल्याच आठवड्यापासून दोन-तीन वर्गमित्रांबरोबर अभ्यासाचा गट करावा. युरोपात एका सत्राचे ३० ईसीटीएस, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या सामायिक क्रेडिट पद्धतीचे, गुणांक धरतात आणि अनेक अमेरिकन विद्यापीठे दोन गुणांकांना एक क्रेडिट देतात. तरीही निघण्यापूर्वी प्रत्येक विषयाची मान्यता लेखी घ्यावी, आणि एखादा विषय ऐनवेळी रद्द झाला तर पर्याय हवा म्हणून दोन विषय जास्तीचे मंजूर करून ठेवावेत.

वेळापत्रकाची एक अडचण पालकांच्या ध्यानात उशिरा येते. हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात, त्यामुळे ते अमेरिकेतील जानेवारीच्या सत्रावर चढते. उन्हाळी सत्राचे वर्ग मात्र एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत असतात आणि मार्चमध्ये भाषेचा वर्ग करता येतो. एकच सत्र जायचे असेल तर हेच सोयीचे. आणि वेळापत्रकात वर्ग दहाचा असून त्यापुढे ‘सी. टी.’ लिहिले असेल तर तो सव्वादहाला सुरू होतो. व्याख्यान संपल्यावर टाळ्यांऐवजी सारे बाकावर बोटांनी टकटक करतात. दोन्ही गोष्टी त्याला आधी सांगून ठेवा.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. मुलीचे सारे शिक्षण इथेच झाले, पण तिच्याकडे ग्रीन कार्ड आणि भारतीय पासपोर्ट आहे. तिच्या मैत्रिणी व्हिसाशिवाय जर्मनीला निघाल्या आहेत. तिलाही तसेच जाता येईल का? पैसे आणि औषधे यांचीही माहिती द्यावी. — एक आई, फ्रीमॉन्ट

उत्तर : नाही, आणि हे तुम्ही वेळेवर विचारलेत याचा मला फार आनंद वाटतो. अमेरिकन नागरिकाला व्हिसाशिवाय जर्मनीत उतरून ९० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करता येतो. ही सवलत पासपोर्टला असते, राहत्या देशाला नसते. भारतीय पासपोर्ट असलेल्या विद्यार्थिनीने अमेरिकेतील जर्मन वाणिज्य दूतावासातून दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा निघण्यापूर्वीच घ्यायला हवा. भेटीची वेळ मिळायलाच आठवडे लागू शकतात, म्हणून प्रवेशपत्र हाती येताच सुरुवात करा. त्या व्हिसावर तिला इतर शेंगेन देशांत, म्हणजे आपसांत सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांत, १८० दिवसांत ९० दिवस फिरता येईल, पण लंडन आणि डब्लिन त्यात येत नाहीत. मैत्रिणींबरोबर तिकडची तिकिटे काढण्यापूर्वी तिने हे लक्षात घ्यावे. ग्रीन कार्डाच्या दृष्टीने एक सत्र बाहेर राहण्यात अडचण नाही. पुढे नागरिकत्वासाठी अर्ज करायचा असेल तर मात्र सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त अनुपस्थिती अखंड वास्तव्याच्या अटीत प्रश्न निर्माण करते, म्हणून परतीची तारीख त्या आत बसवा.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याचे सहीचे पत्र लागते. हे पत्र द्यायला जो टाळाटाळ करतो त्याची खोली घेऊ नये. नोंदणीनंतर काही दिवसांत सार्वजनिक प्रसारणाच्या शुल्काचे पत्र येते. ते शुल्क प्रत्येक घरामागे दरमहा १८.३६ युरो आहे, माणसामागे नाही. तेव्हा सामायिक घरात कोणी आधीच भरत असेल तर तसे कळवायचे आणि आपला वाटा त्या व्यक्तीला द्यायचा.

निर्वाहाच्या पुराव्यासाठी अनेकांना बंदिस्त खात्यात वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातून दरमहा ९९२ युरो मिळतात. मुक्काम एका सत्राचा असेल तर रक्कम त्या प्रमाणात कमी होऊ शकते, आणि शिष्यवृत्तीचे किंवा पालकांच्या हमीचे पत्रही चालू शकते, म्हणून आधी विचारून घ्या. इथे एक गोष्ट मी जोर देऊन सांगते. अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक यांच्या परदेशी खात्यांतील एकूण रक्कम वर्षात एका दिवसासाठी जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर अमेरिकेच्या अर्थखात्याकडे ‘एफबार’ हे विवरण भरावे लागते. वर्षभराचे बंदिस्त खाते ही मर्यादा ओलांडते. हा कर नाही, केवळ माहिती आहे, पण न भरल्यास दंड मोठा होऊ शकतो.

विद्यापीठात नाव नोंदवताना आरोग्य विम्याचा पुरावा लागतो. तिशीच्या आतील विद्यार्थ्यांना सार्वजनिक विमा दरमहा साधारण दीडशे युरोंच्या आसपास पडतो. अमेरिकन विमा दाखवून त्यातून सूट घेता येते का हे पाहावे, पण एकदा घेतलेली सूट त्या शिक्षणाच्या काळात मागे घेता येत नाही. औषधांबाबत, कृपया घरून पार्सलने काहीही पाठवू नका. टपालाने खासगी व्यक्तीकडे आलेली औषधे जर्मन सीमाशुल्क विभाग अडवतो, मग ती साधी तापाची गोळी का असेना. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह तिच्या गरजेपुरती औषधे तिनेच बरोबर न्यावीत.

प्रश्न : मी शिकागोत वाढले. घरी मराठी बोलतो, पण लिहायला जड जाते. हे पत्र आजीने लिहून दिले आहे. ऑक्टोबरमध्ये ट्युबिंगेनला जाणार आहे. जर्मन शिकताना वर्गात मीच मागे पडते असे वाटते. तिथे माझा निभाव लागेल का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझ्याजवळ जे आहे ते तुझ्या बहुतेक अमेरिकन वर्गमित्रांजवळ नाही, हे तुला कोणी सांगितलेले दिसत नाही. इंग्रजीतून जर्मनकडे जाणाऱ्याला वस्तूंना लिंग असते हेच विचित्र वाटते. तू मात्र लहानपणापासून तो दरवाजा, ती खिडकी आणि ते घर म्हणत आलीस. जर्मनमध्येही नेमकी तीनच लिंगे आहेत. शब्दाशब्दाचे लिंग तुला पाठ करावेच लागेल, कारण ते मराठीशी जुळेलच असे नाही, पण नामाबरोबर विशेषणही बदलते ही जाण तुझ्या कानाला आधीच आहे. प्राध्यापकांना ‘झी’ आणि मैत्रिणीला ‘डू’ म्हणायचे, यात तुझे अमेरिकन मित्र महिनाभर अडखळतील. तू आजोबांना तुम्ही आणि आईला तू म्हणत मोठी झालीस. जर्मन माणूस एकवीस म्हणताना आधी एक म्हणतो आणि मग वीस, अगदी आपल्या एकवीससारखे. अडीच वाजले हे तो ‘हाल्ब ड्राय’ असे सांगतो, म्हणजे तिसरा अर्धा. आपला अडीच हा शब्दही संस्कृतातील अर्धतृतीय, म्हणजे अर्धा तिसरा, यातूनच आला आहे. अशा साम्यांचे एक कोष्टक तू आजीजवळ बसून कर, आणि जर्मन वाक्य आधी इंग्रजीत न आणता सरळ मराठीत आणून पाहा. क्रियापद वाक्याच्या शेवटी जाते तेव्हा मराठीच तुझ्या अधिक उपयोगी पडेल.

तिथे गेल्यावर लोक तुझा उच्चार ऐकून तुझ्याशी इंग्रजीत बोलू लागतील. तू नम्रपणे जर्मनमध्येच उत्तर देत राहा. बेकरीत, टपाल कार्यालयात आणि घरातल्या स्वयंपाकघरात इंग्रजी वापरायचे नाही असे पहिल्याच दिवशी ठरवून टाक.

प्रश्न : मुलगा वीस वर्षांचा आहे. अमेरिकेत त्याला बिअर विकत घेता येत नाही, तिथे घेता येईल असे ऐकले. आम्हाला त्याचे दडपण आले आहे. — पालक, डॅलस

उत्तर : बिअर आणि वाइन सोळाव्या वर्षापासून आणि कडक मद्य अठराव्या वर्षापासून, असा तिथला कायदा आहे. बंदी नसल्यामुळे चोरून आणि घाईने पिण्याचे कारणही उरत नाही, आणि न पिणाऱ्याला सफरचंदाच्या रसात सोडा घातलेले पेय सगळीकडे मिळते. सायकलविषयी मात्र त्याला बजावून सांगा. रक्तात १.६ प्रति हजार मद्य असताना सायकल चालवणे हादेखील जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे.

प्रश्न : (पहिल्याच आईंच्या पत्राच्या शेवटी) तिला पाडव्याला श्रीखंड करता आले नाही याची फार चुटपुट लागली. चक्का तिथे कुठे मिळतो?

उत्तर : प्रत्येक किराणा दुकानात मिळतो, फक्त त्याचे नाव क्वार्क आहे. तो अडीचशे ग्रॅम किंवा अर्धा किलोच्या डब्यांत येतो. ज्यावर स्निग्धांश ४० टक्के लिहिलेला असेल तोच घ्यावा, कमी स्निग्धांशाच्या क्वार्कचे श्रीखंड रवाळ होते. शनिवारी दुकाने बंद होण्यापूर्वी आणून रात्रभर पंचात बांधून शीतकपाटात वाटीवर टांगून ठेवला, की सकाळी त्यात पिठीसाखर आणि वेलदोडा घालून फेटता येतो. अर्धा किलोच्या दोन डब्यांत पाच जणांची रविवारची न्याहारी होईल.